बैठकीतला टीव्ही आणि आतला लॅपटॉप

लॅपटॉपची स्क्रीन काळी पडली की माणसे तो संपला असे धरून चालतात आणि टॉवेलात गुंडाळून आमच्या दुकानात घेऊन येतात. मलकापुरात आमचे झेरॉक्स आणि स्टेशनरीचे दुकान आहे. पुढे काउंटरवर यजमान बसतात. मागे प्लायवूडच्या आडोशाला माझे टेबल आहे. गिऱ्हाईक यजमानांशी बोलते आणि यंत्र माझ्याकडे येते. "ठेवून जा," यजमान सांगतात. "डाक्टर आत बसल्या हायेत. पेशंटले भेटतात, नातेवाइकाले भेटत नाहीत."

हा विनोद आता जुना झाला आहे, पण खोटा नाही. अनोळखी माणसासमोर माझा आवाज निम्म्या वाटेवर थांबतो. भौतिकशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाले, कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर बरीच वर्षे शिकवले, तरी वर्गात शिरण्यापूर्वी दाराशी क्षणभर थांबण्याची सवय शेवटपर्यंत सुटली नाही. पुढे त्या तासिकाही बंद झाल्या. पन्नाशी जवळ आलेली असताना मी अकोल्याला जाऊन लॅपटॉपची दुरुस्ती शिकले. वर्गातले बाकीचे सगळे माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे होते. त्यांतले दोघे तर माझे विद्यार्थीच निघाले. त्यांनी मला सोल्डरिंगचा डाग द्यायला शिकवले, आणि त्यांनी बारावीत न ऐकलेला ओहमचा नियम मी त्यांना पुन्हा सांगितला. व्यवहार बरोबरीत सुटला.

या अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा, असे संपादकांनी सुचवले तेव्हा मी नकारच देणार होते. लिहिताना समोर कोणी बसलेले नसते, हे नंतर लक्षात आले आणि होकार कळवला.

तर, काळ्या पडलेल्या स्क्रीनविषयी. अंधाऱ्या कोपऱ्यात लॅपटॉप चालू करावा आणि स्क्रीनवर तिरका टॉर्च मारावा. पुष्कळदा आत पुसट चित्र दिसते. म्हणजे यंत्र आपले काम निमूटपणे करीत असते, फक्त उजेड गेलेला असतो. कधी स्क्रीनच फुटलेली असते, कधी तिच्याकडे जाणारी पट्टी तुटलेली असते. सर्वांत वाईट म्हणजे मदरबोर्डवरचा स्क्रीनचा भागच जळालेला असतो; तेव्हा नवी स्क्रीन आणूनही उपयोग नसतो. अशा वेळी एक साधा मार्ग उरतो. लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडायचा आणि त्याची स्वतःची स्क्रीन विसरून जायचे. तो मग लॅपटॉप राहत नाही, मांडीवरून उतरून टेबलावर स्थिर होतो. पण चालतो, आणि वर्षानुवर्षे चालतो.

हा मार्ग साधा असला तरी त्यात काही खोड्या आहेत. पहिली खोडी झाकणाची. झाकणात एक लहानसे चुंबक असते आणि कळफलकाजवळ ते ओळखणारा एक ठिपक्याएवढा भाग असतो. झाकण मिटले की चुंबक त्याच्याजवळ येते आणि यंत्र झोपी जाते. बाहेरचा मॉनिटर लावून झाकण मिटायचे असेल, तर 'मिटले तरी झोपू नकोस' असे यंत्राला आधी सांगून ठेवावे लागते.

ही माहिती मला पुस्तकातून होती. ती पटवली एका निवृत्त तलाठ्यांनी. त्यांचा लॅपटॉप टंकन करताना अधूनमधून झोपत असे. दुकानात माझ्या हाताखाली तो नीट चाले, घरी नेला की पुन्हा झोपे. ते वारंवार येऊ लागले. यजमानांचा समज झाला की ते चहासाठी येतात. शेवटी मी त्यांना पुढे काउंटरवरच टंकन करायला सांगितले आणि आडोशाच्या फटीतून पाहत राहिले. त्यांचा डावा हात कळफलकाशेजारी टेकला आणि लॅपटॉप झोपला. मनगटावर रक्तदाबासाठी घेतलेले चुंबकाचे कडे होते. मी बाहेर येऊन, बरेच अडखळत, ते काढून ठेवायला सांगितले.

"कडं काढलं अन् बीपी वाढलं तं?" त्यांनी विचारले.

"टंकन करताना तेवढे," मी म्हणाले.

"नाही जी. मशीनले समजावा तुम्ही. मानसाच्या जिवापेक्षा मशीन मोठं हाय काय?"

मी मशीनलाच समजावले. त्यानंतर ते गावभर सांगत फिरले, की आपल्या नुसत्या हातात यंत्र झोपवण्याची ताकद आहे.

दुसरी खोडी अशी, की झाकण हे नुसते झाकण नसते. कापसाच्या एका जिनिंगमधल्या कारकुनाने, स्क्रीन फुटलीच आहे तर तिचे ओझे कशाला, म्हणून ती बिजागरीसकट उपटून टाकली आणि मॉनिटर जोडला. चित्र उत्तम आले, इंटरनेट गेले. वायफायच्या तारा त्या झाकणातच स्क्रीनच्या कडेने फिरवलेल्या असतात. कॅमेराही तिथेच असतो. मी तारा पुन्हा जोडून बाहेर चिकटवून दिल्या. निकामी दिसणारी गोष्ट पूर्णपणे निकामी असतेच असे नाही, इतपत शहाणपण या धंद्यात येते. त्याहून फार येत नाही.

आता ज्या घराविषयी लिहायचे आहे, ते नांदुऱ्याच्या अलीकडच्या एका गावात आहे. गावाचे नाव देत नाही आणि माणसांची नावे बदलली आहेत. घर शेतकऱ्याचे, खाऊनपिऊन सुखी. घरचे कर्ते श्यामरावजी. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो. सून पल्लवी घरी राहून लॅपटॉपवर काम करते. तो लॅपटॉप श्यामरावजींनीच एकदा दुकानात आणला. मदरबोर्डवरचा स्क्रीनचा भाग जळाला होता. मी आतून यजमानांना सांगितले, यजमानांनी त्यांना सांगितले: बाहेरचा मॉनिटर लावा, नाही तर घरातला टीव्ही लावा, टीव्हीही चालतो.

"टीव्ही हाय न आपल्या घरी," श्यामरावजींचा आवाज मला ऐकू आला. "हा मोठा. भितीवर."

गिऱ्हाइकाचे काम नव्या खर्चाशिवाय निभावून देणे हा माझा एक छोटासा अभिमान आहे. मी समाधानाने पुढचे यंत्र उघडले. तो टीव्ही घरात कुठे आहे, हे विचारण्याचे कारण मला दिसले नाही.

काही महिन्यांनी पल्लवी एकटीच दुकानात आली. यजमानांनी नेहमीचा विनोद सुरू केला. तिने तो अर्ध्यावर थांबवला. "काका, मले मॅडमशीच बोलायचं आहे." तिच्या स्वरात असे काही होते की यजमानांनी प्रथमच एका गिऱ्हाइकाला आडोशाच्या आत पाठवले.

ती स्टुलावर बसली आणि सगळे एका दमात सांगितले. तिचे काम रुग्णालयांच्या कागदांचे होते. विम्यासाठी आलेले कागद तपासून रुग्णाचे वय, आजार, उपचार, तारखा ही माहिती भरायची. टीव्ही बैठकीत. बैठकीत सासरे आणि येणारे-जाणारे बसतात; त्यांच्यादेखत सुनेने तिथे खुर्ची टाकून बसण्याची त्या घरात रीत नाही. त्यावर श्यामरावजींनीच तोड काढली. लांबलचक केबल आणून ती दाराच्या चौकटीवरून आतल्या खोलीत घेतली. लॅपटॉप आत, चित्र बाहेर. पल्लवी आतल्या खोलीत दाराच्या कडेला बसते, पडदा थोडा सारून बैठकीतल्या टीव्हीकडे पाहते आणि टंकन करते.

"इतक्या लांबून दिसतं?" मी विचारले.

"अक्षर मोठं केलं, मॅडम. मले दिसतं. सगळ्यांलेच दिसतं. मामाजी वाचतात. मोठ्यानं. अमक्याले मुतखडा, तमकीची पिशवी काढली. चूक झाली तर बाहेरून सांगतात. परवा मी टीम लीडरशी बोलत होती अन् मागून मामाजी म्हणाले, सूनबाई, त्या मानसाचं वय चुकलं. तिनं ऐकलं."

टीम लीडरने विचारले, कोण वाचते आहे? रुग्णांची माहिती दुसऱ्या कोणी पाहायची नसते, हा त्यांचा पहिला नियम. आता सोमवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर बसण्याची जागा दाखवायची होती. स्क्रीन इतरांना दिसते असे आढळले, तर काम बंद.

उपाय माझ्या मागच्या फळीवरच होता. बंद पडलेल्या एका संगणक वर्गाचे चौकोनी मॉनिटर मी घेऊन ठेवले होते. मी एक काढून दाखवला. तिने त्याला हातही लावला नाही.

"मामाजी आत नेऊ देत नाहीत. पैशाचं नाही हो. ते म्हणतात, काम बाहेर दिसतं म्हणून कोणी बोलत नाही. आत गेलं की गाव विचारन, दिवसभर आतमध्ये कोणाशी बोलून राह्यली." मग माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "तुम्ही याल का? तुम्ही मशीनचं म्हणून सांगा. टीव्हीनं लॅपटॉप जळते म्हणून सांगा. तुमचं ऐकतीन."

मी येते म्हणाले. का म्हणाले, ते मला अजून नीट सांगता येत नाही. माझ्या टेबलाशेजारच्या स्टुलावर यापूर्वी कोणी बसले नव्हते, हे एक कारण असावे.

सोमवारी सकाळी यजमानांनी मला मोटारसायकलवरून त्या घरी सोडले. मॉनिटर माझ्या मांडीवर होता. बोलायला ते थांबले असते तर बरे झाले असते. पण दुकान उघडायचे होते.

बैठकीत शिरताच टीव्हीवर कुणा अनोळखी बाईचे नाव, वय आणि आजार बोटभर उंचीच्या अक्षरांत दिसले. श्यामरावजी दिवाणावर बसले होते. आतल्या दाराशी त्यांची पत्नी शांताबाई मेथी निवडत बसल्या होत्या. पल्लवी दिसत नव्हती. पडद्याआडून कळांचा आवाज तेवढा येत होता.

"या म्याडम, बसा," श्यामरावजींनी जागा करून दिली आणि टीव्हीकडे हात केला. "पाहा, तुमच्या मालकानं सांगतलं अन् आपन लावलं. केबल मीच आनली नांदुऱ्याहून. ही बाई पाहा, परवा भरती झाली, आज सुट्टी. दोन्ही तारखा जुळून राह्यल्या. काऊन सूनबाई, बरोबर हाय न?"

"हाव मामाजी," आतून आवाज आला.

"एकाचं वय चुकलं होतं, मीच सांगतलं. मन लागते हो त्यात. एका मानसाचा पाय कापाचा होता, मले दोन घास कमी गेले."

येताना मी वाक्य तयार केले होते: टीव्हीमुळे यंत्रावर ताण येतो. ते सपशेल खोटे होते. टीव्हीला चित्र पाठवताना लॅपटॉपला जितके श्रम होतात, तितकेच मॉनिटरला पाठवताना होतात. एखाद्या विद्यार्थ्याने तसे उत्तर लिहिले असते, तर मी त्यावर लाल रेघ ओढली असती. मी तोंड उघडले आणि ते वाक्य बाहेर येईना.

"टीव्हीने मशीनला काही होत नाही," मी म्हणाले. आतले टंकन थांबले. "पण हे कागद दुसऱ्या कोणी पाहायचे नसतात. आज दुपारी तिच्या कचेरीतून जागा तपासणार आहेत. हे असेच राहिले तर तिचे काम जाईल."

"दुसरा कोन हाय अथी? मी सासरा हाय तिचा."

"तिचे आहात. या बाईंचे नाही."

मी इतके बोलले याचे मलाच आश्चर्य वाटले. श्यामरावजी रागावले नाहीत. अंगठ्याने मिशी सारखी करीत विचार करू लागले.

"म्याडम, तुम्ही शाळेतलं बोलून राह्यल्या. तुमच्या ठिकानी बरोबर हाय. पन मले सांगा, उघड्यावर काम करनं बरं का दार लोटून करनं बरं? आमच्या घरातली सून कमावते, हे गावानं डोळ्यानं पाह्यलं. अथी बसून पाह्यलं. म्हनून कोनाची टाप नाही बोलायची. उद्या हे डब्बं आत नेलं तं मी कोनाकोनाले समजावू?"

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, हीच अडचण होती. ज्या टीव्हीमुळे पल्लवीचे काम जाणार होते, त्याच टीव्हीने तिला त्या घरात काम करू दिले होते. मी पुढ्यात आलेल्या चहाचा घोट घेतला. आडोशाच्या बाहेर आलेल्या माणसाने हे लक्षात ठेवावे, की इथे यंत्र उघडून पाहता येत नाही.

"एक इचारू का?" शांताबाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नव्हती. मेथीच्या काड्या एकीकडे, पाने एकीकडे पडत होती.

"इचार."

"तुमचं ते खालचं ऑपरेशन झालं अकोल्याले. त्याचे कागद बी इम्याले गेले होते न?"

"गेले होते. मंग?"

"मंग काही नाही. ते बी कोनाच्या तरी सुनेनंच भरले असतीन. तिचा बी सासरा असन बैठकीत बसेल."

पडद्याआड काहीतरी खाली पडले. मी मॉनिटरच्या वायरीची गाठ सोडवण्यात स्वतःला गुंतवून घेतले.

"म्याडमसमोर काऊन काढतं ते?" श्यामरावजी हळूच म्हणाले.

"एका म्याडमसमोर काढलं तं तुमाले लाज वाटली. तथी तं हे एवढ्या एवढ्या अक्षरात लिहेल असन. अन् चहा पीत पीत वाचलं असन कोनी."

श्यामरावजी टीव्हीकडे पाहू लागले. ते नाव, ते वय, तो आजार. त्यांनी ते कितीतरी वेळ पाहिले. पण या वेळी वाचले नाही. मग उशीखाली रिमोट शोधला, तो सापडेना, तेव्हा उठून भिंतीवरचे बटणच बंद केले.

"मामाजी, दिसणं बंद झालं," आतून पल्लवी म्हणाली.

"राहू दे," ते म्हणाले. "म्याडम आत येऊन राह्यल्या."

आतल्या खोलीत जागा थोडी होती. धान्याच्या कोठीशेजारी एक टेबल होते. मी ते फिरवून घेतले, मॉनिटरची पाठ दाराकडे आणि पल्लवीचे तोंड दाराकडे येईल असे. लॅपटॉपचे झाकण उघडेच ठेवले, कारण काळ्या स्क्रीनच्या वर कॅमेरा शाबूत होता आणि दुपारी तोच लागणार होता. जुन्या मॉनिटरची खाच निराळी असते, म्हणून जोडणारा एक लहान तुकडा मी सोबत नेला होता. तो लावला. चित्र आले. मग मी श्यामरावजींना दाराशी बोलावले.

"दार लोटायची गरज नाही," मी म्हणाले. "उघडेच राहू द्या, पडदाही बाजूला. बाहेरून माणूस दिसतो, काम दिसत नाही."

ते उंबऱ्यावर उभे राहिले. डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले, किंचित वाकूनही पाहिले.

"सूनबाई दिसते," ते म्हणाले. "अक्षर नाही दिसत." एखाद्या मिस्त्रीने ओळंबा लावून भिंत सरळ असल्याचे सांगावे, तसे त्यांनी ते सांगितले. मग स्टुलावर चढून चौकटीवरची केबल स्वतःच्या हाताने काढली आणि गुंडाळून कोठीवर ठेवली.

दुपारी कॉल आला तेव्हा मी बैठकीत होते. पल्लवीने लॅपटॉप हळूहळू फिरवून खोली दाखवली. टीम लीडरचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"दार उघडं आहे. बाहेर कोण बसलंय?"

"सासरे आहेत."

"त्यांना स्क्रीन दिसते?"

"नाही," पल्लवी म्हणाली. "मॉनिटरची पाठ दाराकडे आहे. दाखवते."

तिने दाखवले. मग टीम लीडर म्हणाली, "ठीक आहे. चालू ठेव काम." थोड्या वेळाने कळांचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि शांताबाई मेथी घेऊन चुलीकडे गेल्या.

मी निघण्याच्या तयारीत असताना शेजारचे एक गृहस्थ आत आले. ते रोज याच वेळी येत असावेत, कारण त्यांनी न विचारता आपली जागा घेतली आणि भिंतीकडे पाहिले.

"काऊन श्यामराव, टीव्ही बंद? सून गेली का माहेरी?"

"आत हाय. काम करून राह्यली."

"त्या पायवाल्याचं काय झालं मंग? कापला का वाचला?"

"मले माहीत नाही."

"तुले माहीत नाही? तुले तं समद्या दवाखान्याची खबर असते बे."

"ते सांगता येत नाही कोनाले," श्यामरावजी म्हणाले. दिवाणावरची चादर त्यांनी विनाकारण सारखी केली. "मले बी सांगत नाही ते. तसा नियमच हाय त्याईचा."

शेजाऱ्यांनी उघड्या दारातून आत पाहिले. पल्लवी मान खाली घालून टंकन करीत होती; तिच्यापुढे मॉनिटरची काळी पाठ होती. त्यांनी काळ्या टीव्हीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा दाराकडे.

"म्हनजे मोठंच काम हाय म्हना," ते आवाज उतरवून म्हणाले.

श्यामरावजी त्यांच्याकडे सरकले.

"हळू बोल," ते म्हणाले. "आत आवाज जाते."